नदीत सोडलेली ब्राह्मी

लोक खोटं बोलतात, याचा मला पगार मिळतो. टिलबर्गच्या बाहेर शेतांएवढी पसरलेली गोदामं आहेत. त्यांतल्या एका गोदामात परत आलेला माल तपासणं हे माझं काम. ऑनलाइन मागवलेला ड्रेस एका लग्नात मिरवून, वर सेंट फवारून, तोडलेला टॅग पुन्हा दोऱ्याने अडकवून लोक परत पाठवतात आणि कारण लिहितात, ‘माप बसलं नाही’. मी ड्रेसची काख नाकाशी नेते, शिवण उलटी करते, बुटाचा तळ उजेडाकडे धरते. बहुतेक वेळा माझा संशय खरा ठरतो. सुपरवायझर कौतुकाने सांगते, की हिला काही शिकवावंच लागलं नाही. नाहीच लागलं. शाळेत मधल्या सुट्टीत मी आधी मैत्रिणीचा डबा बघायचे, आणि मग आईने मला कमी दिलंय का याचा विचार करत आपला उघडायचे.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जे झालं त्यात नदीचा काही दोष नाही, आणि बागेतल्या शेजारच्या आजोबांचा तर मुळीच नाही.

नवरा आयंडहोव्हनला चिप बनवायच्या यंत्रांवर काम करतो. त्याच्या मागून मी ‘डिपेंडंट’ म्हणून या देशात आले. त्याआधी कोल्हापूरकडच्या एका शाळेत मी आठ वर्षं भूगोल शिकवत होते. नदीची युवावस्था, प्रौढावस्था आणि वृद्धावस्था. म्हाताऱ्या नदीला उतार उरत नाही, ती सपाट मुलखात नागमोडी वळणं घेत रेंगाळते, एखादं वळण तुटून बाजूला पडतं, त्याला नालाकृती सरोवर म्हणायचं. फळ्यावर मी ते रंगीत खडूने इतकं झकास काढायचे, की दुसऱ्या तासाच्या बाई ते पुसायला तयार नसत. प्रत्यक्ष बघायला मात्र मी कधीच गेले नाही. शाळेच्या मागे तासाभरावर नदी होती, पण परीक्षेला आकृती येते, नदी येत नाही.

टिलबर्गला शहराच्या कडेला आम्हाला बागेचा एक तुकडा मिळाला. इथे त्याला फॉल्क्सताउन म्हणतात. शहरातल्या लोकांनी भाजीपाला लावायचा, लाकडी खोपटात खुर्च्या ठेवायच्या, संस्थेचे नियम पाळायचे. नियमांची यादी माझ्या भूगोलाच्या पुस्तकापेक्षा जाड. आमच्या तुकड्याच्या मागच्या अंगाला नदी होती. म्हणजे कागदावर नदी. मला ती पहिली दोन वर्षं गटारच वाटली. फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ, दोन्हीकडे सारखे उतरते काठ, मध्ये गुडघाभर तपकिरी पाणी, आणि थोड्या थोड्या अंतरावर लोखंडी फळ्यांचे बांध. पलीकडे नजर पोचेल तिथपर्यंत कुरणं आणि त्यांत सावकाश फिरणाऱ्या गाई.

मग एक दिवस पत्र आलं. या देशात पाण्याचं वेगळं सरकार असतं. त्याला वाटरस्खाप म्हणतात, मी जलमंडळ म्हणते. जलमंडळाने कळवलं होतं, की ही नदी आता पुन्हा वाकडी करण्यात येणार आहे.

मी ते पत्र तीनदा वाचलं, मग फोनच्या भाषांतर ॲपला दाखवलं. अर्थ तोच निघाला. नवऱ्याला म्हटलं, “यात काहीतरी काळंबेरं आहे. उगाच कोण नदी वाकडी करतं? यांना आपली बाग घ्यायची असेल.”

“अगं, क्लायमेट वगैरेसाठी असेल,” तो लॅपटॉपवरून नजर न उचलता म्हणाला. “प्रत्येक गोष्टीत तुला स्कॅम दिसतो.”

“ऑफिशियल लेटर आहे म्हणूनच दिसतो.”

सरकारला नदीची दया आली असेल यावर माझा विश्वास बसेना. मी नकाशा मागवला आणि आपला तुकडा लाल रेषेच्या आत आहे की बाहेर, हे भिंग लावून पाहिलं. बाहेर होता. खोदाई खालच्या अंगाला, सायकलने दहा मिनिटांवरच्या कुरणांत होणार होती. तरी माझं समाधान झालं नाही. आज बाहेर आहे, उद्याचं कोण सांगणार?

शेजारचा तुकडा एका ऐंशी ओलांडलेल्या आजोबांचा. मनातल्या मनात मी त्यांना आजोबा म्हणायचे, तोंडावर ‘मेनेर’, म्हणजे साहेब. उंच, कमरेत किंचित वाकलेले, पायात लाकडी तळाचे बूट. हात पाठीशी बांधून ते कुंपणाशी उभे राहायचे आणि आमच्या वाफ्यांकडे बघायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. नुसते बघायचे. मग काठाशी जाऊन पाण्यात एक काठी उभी धरायचे आणि खिशातली वही काढून काहीतरी लिहायचे. दहाच्या ठोक्याला संस्थेचे अध्यक्ष आपल्या तुकड्यावरून थर्मास घेऊन यायचे आणि दोघं बाकावर कॉफी प्यायचे. चाळीस वर्षांचा रिवाज होता तो, असं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की हे रोज लिहितात आणि अध्यक्ष रोज येतात. त्यातच ‘तुमच्या वाटेवर तण वाढलं आहे’ असं संस्थेचं पत्र आम्हाला आलं. झालं! माझी खात्री पटली. म्हातारा चहाड्या करतो.

एके दिवशी मी तोंडावरच विचारलं. माझी डच भाषा मोडकीतोडकी, त्यामुळे प्रश्न आरोपासारखाच गेला असणार. “मेनेर, तुम्ही आमच्याबद्दल काय लिहिता?”

त्यांनी वही माझ्या हातात दिली. आत तारखा होत्या आणि पुढे आकडे. पाण्याची पातळी, दुसरं काही नाही. काही तारखांसमोर ‘बगळा’, एका तारखेसमोर ‘मासा?’.

“ही नदी मी सरळ केली,” ते म्हणाले. “म्हणून बघत असतो.”

त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा कॉफी विचारली आणि मग पुढच्या कितीतरी शनिवारी थोडं थोडं सांगितलं. त्यांच्या लहानपणी ही नदी कुरणांतून मनाला येईल तशी फिरायची. हिवाळ्यात शेतकरी मुद्दाम फळ्या काढून तिला गवतावर घ्यायचे. गाळ बसायचा आणि उन्हाळ्यात गवत कंबरेएवढं व्हायचं. वडील शहरातल्या लोकरीच्या गिरणीत होते. गिरण्या रंगाचं पाणी ओढ्यात सोडायच्या, त्यामुळे आज कुठल्या रंगाचं कापड निघतंय हे पोरांना पूल ओलांडतानाच कळायचं. निळ्या दिवशी आई पाण्यात पाय घालू द्यायची नाही. लाल दिवशीही नाही. मग खताच्या गोण्या आल्या, ट्रॅक्टर आले, आणि नदीचा गाळ कुणाला नको झाला. ओल्या जमिनीत ट्रॅक्टर रुतायचा. पाणी लवकरात लवकर पुढे हाकलायचं, असं ठरलं. आजोबा तेव्हा विशीतले. त्यांना खोदायच्या यंत्रावर नोकरी लागली.

“काय अभिमान वाटायचा!” ते म्हणाले. “दोरी लावून बघितलं तरी काठ हलायचा नाही. जुनी वळणं आम्ही बुजवली. विटा, मोडक्या चुली, पत्र्याचे डबे, जे मिळेल ते टाकलं. शेतकरी केक घेऊन यायचे आमच्यासाठी.”

“मग?”

“मग काय. पाणी गेलं. इतकं छान गेलं, की आता उन्हाळ्यात तेच शेतकरी पाऊस मागतात. मासे गेले. बगळा आला, तर मी लिहून ठेवतो.”

जुनी वळणं नेमकी कुठे होती, हे सांगायला जलमंडळाने त्यांनाच बोलावलं होतं. जुन्या नकाशात वळण दिसायचं, पण त्यात काय पुरलंय ते यांनाच माहीत. शेताच्या मध्ये उभं राहून ते म्हणायचे, इथे खोदा, इथे खाली चुली लागतील. आणि चुली लागायच्या. मीही सायकल काढून बघायला गेले. आठ वर्षं फळ्यावर काढलेलं वळण माझ्यासमोर पिवळ्या यंत्राने खोदलं जात होतं. आजोबा काठावर कुडकुडत उभे होते, आणि यंत्रावरच्या माणसाला, जरा आणखी डावीकडे घे, असं हाताने सांगत होते. मला भरून आलं. पण संशय काही सुटला नाही. मनात आलं, की ज्याने बिघडवलं त्यालाच विचारून सुधारतात, हे कसलं काम?

आता ब्राह्मीचं सांगते.

इथल्या पाण्याने माझे केस गळायला लागले. पाण्यानेच, असं मी ठरवलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचं लोह कमी आहे. मी मनात म्हटलं, यांचं पाणी म्हणून या असंच म्हणणार. कापेल आन डेन आयसेल नावाच्या गावाला माझी एक मैत्रीण राहते. तीही माझ्यासारखीच डिपेंडंट म्हणून आलेली, आता घरून चकल्या-चिवड्याच्या ऑर्डरी घेते. तिच्या घरामागे पाण्याचा चर आहे. तिच्याकडे हळदीकुंकवाला गेले असताना त्या चरात मला हिरवीगार, गोल, कातरलेल्या कडांची पानं दिसली. पाण्यावर लोळणारी, गाठीगाठीला मुळं फुटलेली. माझं काळीज लक्कन हाललं. माहेरी न्हाणीच्या नळापाशी ओलीला असंच पसरायचं. मी तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला.

“आई, बघ गं. ब्राह्मीच ना?”

“जरा जवळ धर. अगं हो! ब्राह्मीच की. आणि केवढी टपोरी! आण घरी. तेल कर खोबऱ्याच्या तेलात, आणि पोरीला रोज दोन पानं दे. अभ्यासाला चांगली.”

माझ्यासारख्या संशयी बाईने, जी सुपरमार्केटातल्या दुधाची तारीखसुद्धा मागच्या बाटलीची बघते, ते पान एकदाही पुन्हा तपासलं नाही. आईने फोनवर बघितलं आणि संपलं. पिशवीभर उपटून आणलं. लेकीने एक पान चावलं आणि बशीत थुंकलं. “मम, इट टेस्ट्स लाइक अ डिच.” ती तेरा वर्षांची होती, आणि त्या सगळ्या प्रकरणात तीच एकटी बरोबर होती.

बागेत मी ते काळ्या टबात लावलं आणि टब खोपटाच्या मागे ठेवला. का? तर आजोबा कुंपणावरून बघतील, नियमांत बसत नाही म्हणतील. ब्राह्मी अशी काही माजली, की पंधरा दिवसांत टब दिसेनासा झाला. मी तेल केलं, हिरवंगार. केस गळायचे थांबले. लोहाच्या गोळ्याही चालू होत्या, पण श्रेय तेलाला. आईला दर आठवड्याला टबाचे फोटो पाठवायचे आणि आई सगळ्या आत्यामावश्यांना दाखवायची.

जास्तीच्या वेलीचं काय करायचं, हा प्रश्न आला. कचऱ्याच्या डब्यात टाकायला हात धजेना. देवाची फुलं आणि औषधी पाला केरात टाकायचा नसतो, वाहत्या पाण्यात सोडायचा असतो, हे माझ्या हाताला लहानपणापासून माहीत. मी आजोबा घरी गेले की नाही ते बघायचे, मग काठाशी जाऊन मूठ मूठ वेल पाण्यात सोडायचे आणि हात जोडायचे. त्या पूर्ण वसंतात मी किती मुठी सोडल्या ते मोजलं नाही. पाणी संथ होतं. पानं एकमेकांना धरून, सावकाश, खालच्या अंगाला जायची. मला फार बरं वाटायचं.

नव्या वळणात पाणी सोडलं त्याच्या आधीच्या महिन्यांतली ही गोष्ट. सोडायच्या दिवशी आजोबांनी कोट घातला होता. मातीचा शेवटचा बांध फोडला आणि पाणी वळणात शिरताना ते टोपी काढून उभे राहिले. नंतर लोकांनी तिकडे फिरू नये म्हणून तिथे कुंपण घातलं, काठ अजून कच्चे होते.

दुसऱ्या उन्हाळ्यात जलमंडळाचे दोघे, छातीपर्यंतचे रबरी पोशाख घालून, काठाकाठाने वर चालत आले. एकजण आमच्या फाटकाशी थांबला. नव्या वळणात एक पाणवनस्पती पसरली होती, ती वरून कुठूनतरी येत होती. तिचं डच नाव त्याने सांगितलं, ते मला कळलं नाही. मला कळलं ते एवढंच, की कुणीतरी नदी बिघडवत होतं. मी मनात म्हटलं, अखेर सापडलं काळंबेरं.

“या बागांत कुणाकडे तळं आहे का?” त्याने विचारलं. “लोक तळ्यातली झाडं नदीत टाकतात.”

मी क्षणभरही थांबले नाही. हात उचलला आणि आजोबांच्या तुकड्याकडे दाखवला. “त्यांच्याकडे आहे. खूप जुनं आहे. ते दिवसभर पाण्याशीच असतात.”

शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं.

त्याने माझे आभार मानले. माझा टब खोपटाच्या मागे होता, तो त्याला दिसला नाही. आजोबांच्या तळ्यात मात्र ती वनस्पती सापडली. तळं भरायला ते नदीतून बादलीने पाणी आणायचे, आणि एक तुकडा बादलीत आला की पुरे. पण हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. त्यांनीच ती नदीत टाकली, यावर मी विश्वासच ठेवला. संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, “बघ, स्वतःच मारलेली नदी, आणि आता पुन्हा बिघडवतायत. तरी मला आधीपासून वाटत होतं.”

संस्थेचं पत्र लागलं. बंदी असलेली वनस्पती आणल्याबद्दल आजोबांचा तुकडा काढून घ्यायचा का, यावर शनिवारी सभा होईल. पत्रावर सही अध्यक्षांची. त्या दिवसापासून दहाच्या कॉफीला आजोबा बाकावर गेले नाहीत. अध्यक्ष थर्मास घेऊन यायचे, थोडा वेळ बसायचे, परत जायचे.

पत्रासोबत सूचनाफलकावर एक रंगीत चित्र लावलं होतं. सोमवारी कामावर जाताना मी सहज सायकल थांबवली आणि बघितलं. गोल पान. कातरलेली कड. गाठीगाठीला मुळं. खाली लिहिलं होतं, की ही दूरच्या खंडातून शोभेसाठी आणलेली वनस्पती आहे, एका गाठीतून पूर्ण वेल उगवतो, पाणी झाकून टाकतो आणि खालचे मासे गुदमरतात. मी फोन काढला आणि आईला पाठवलेला फोटो शेजारी धरला. माझ्या धंद्यात याला शंभर टक्के जुळणी म्हणतात. नीट बघितल्यावर फरकही दिसला. माहेरच्या ब्राह्मीचं पान इतकं खोल कापलेलं नसतं. हे मला दोन वर्षांपूर्वी, तिथेच, दोन मिनिटांत दिसलं असतं.

मी कामावर गेले, आणि त्या दिवशी आलेल्या प्रत्येक वस्तूवर ‘ठीक’ असा शिक्का मारला.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याने दार लोटून घेतलं, जणू बाहेर कुणी ऐकत होतं. “हे बघ, आपलं सिटिझनशिपचं ॲप्लिकेशन प्रोसेसमध्ये आहे. तू कुठे काही बोलू नकोस. फोटो डिलीट कर, टब रिकामा कर. तुला कुणी विचारलंय का? नाही ना?”

“त्यांचा तुकडा जाईल.”

“त्यांना काय करतायत? ऐंशीचे आहेत, इथलेच आहेत. वॉर्निंग देऊन सोडतील.”

टब मी रिकामा केला. वेल उन्हात कडकडीत वाळवले आणि काळ्या पिशवीत बांधून कचऱ्यात टाकले. या वेळी हात धजला. फोटो पुसायला घेतले, आणि तिथे मात्र बोट थांबलं. टब खोपटामागे नेण्याआधीच्या पहिल्या फोटोत त्याच्या मागे आजोबांचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे ते स्वतः, पाठमोरे, काठी पाण्यात धरून. मी त्यांच्यापासून टब लपवत होते आणि ते मान वळवून बघतसुद्धा नव्हते.

शनिवारी सभेला खोपटांमधल्या मोठ्या खोलीत पंधरा-वीस जण होते. जलमंडळाचा तो माणूसही होता. आजोबा पहिल्या रांगेत, कोट घालून. अध्यक्षांनी पत्र वाचलं आणि विचारलं, काही सांगायचं आहे का. आजोबा म्हणाले, “माझ्या तळ्यात ती आहे, हे खरं. कुठून आली ते मला माहीत नाही.” एवढंच बोलून बसले. कुणाचा विश्वास बसला नाही, हे मला चेहऱ्यांवरून दिसलं. मी रोज असेच चेहरे करते.

मी उभी राहिले. डच वाक्यं घरून पाठ करून आले होते, ती सगळी विसरले. फोन पुढे केला आणि म्हटलं, “ही माझी आहे. मी पाण्यात टाकली. औषध समजून.” अध्यक्ष आधी हसले. त्यांना वाटलं, मी भल्या मनाने म्हाताऱ्याला वाचवतेय. मी तारखा दाखवल्या. तेलाची बाटली पिशवीत होती, तिच्या तळाशी उकळलेली पानं, तीही टेबलावर ठेवली. जलमंडळाच्या माणसाने बाटली उजेडाकडे धरली, अगदी मी धरते तशी. “पण पाण्यात कशासाठी टाकली?” त्याने विचारलं. वाहत्या पाण्याचं, केराच्या डब्याचं, हात जोडण्याचं मी माझ्या मोडक्या भाषेत सांगितलं. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटत होतं.

खोलीत कुजबुज झाली. तेवढ्यात आजोबा उठले.

“मी या नदीत चुली पुरल्या,” ते म्हणाले. “पगार घेऊन. तेव्हा सगळ्यांनी मला केक दिला. हिने पाला टाकला. शेतांतलं खत इतकं उतरतं पाण्यात, की काहीही टाकलं तरी माजेल. हिचा तुकडा काढू नका.”

ते असं काही म्हणतील, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. नियम मात्र नियम. त्यांचा तुकडा राहिला, आमचा गेला. दंड वगैरे झाला नाही. त्या उन्हाळ्यातले सगळे शनिवार मी रबरी पोशाख घालून वळणात उतरले आणि इतरांबरोबर जाळीने पान न् पान वेचलं. एक गाठ सुटली की पुढच्या वर्षी पुन्हा तेच. अजूनही पूर्ण गेलेली नाही. आईला मी सांगितलं, की थंडीने ब्राह्मी मेली.

ऑक्टोबरात चावी परत करायला बागेत गेले. आजोबा वाटेवर भेटले, हातात भोपळा. तो त्यांनी मला दिला. केस कसे आहेत, असं विचारलं आणि हसले. मीही हसले. सुटले एकदाची, असं वाटलं मला, हे कबूल करते. मग ते सहज म्हणाले, “एक गोष्ट राहिली. माझ्या तळ्याचं त्यांना कुणी सांगितलं, तुला माहीत आहे?”

उत्तर तयार होतं. ‘नाही हो, मेनेर.’ तीन शब्द, आणि माझं डच तेवढं चांगलं आहे. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, नुसता प्रश्न होता.

“मी सांगितलं,” मी म्हटलं.

ते बघतच राहिले. रागाची मी वाट बघत होते. राग आलाच नाही, चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

“तू?” ते म्हणाले. “मला वाटलं, त्याने.” आणि अध्यक्षांच्या तुकड्याकडे बघितलं. “तो रोज सकाळी ‘मॉर्खन’ म्हणून नमस्कार करायचा. मी मान फिरवायचो. सबंध उन्हाळा.”

मला क्षमा मागायची होती. त्यांनी मला काही ऐकवलं असतं, तर बरं वाटलं असतं. पण माझ्याशी त्यांचं काम संपलं होतं. ते वळले, आणि लाकडी बूट वाजवत, त्यांच्या वयाला झेपेल तेवढ्या घाईने, अध्यक्षांच्या फाटकाकडे चालू लागले. अध्यक्ष वाफ्यात गुडघ्यांवर बसले होते. आजोबा फाटकाबाहेरच थांबले, टोपी काढली आणि आत बोलावायची वाट बघत उभे राहिले.

अध्यक्षांनी वर बघितलं, आणि पुन्हा वाफ्यात खुरपं घातलं.